झिरा

परतवाड्याहून पहाटेची पहिली गाडी.
कंडक्टर ओळखीचा. म्हणाला,
"मॅडम, सुट्टीच्या दिवशीही एसटीच?"
सहा दिवस मी डेपोच्या खिडकीमागे बसून
लोकांना त्यांची गावं सांगते.
सातव्या दिवशी मला
नाव नसलेल्या जागी जायचं असतं.

नाव हाय, फुलमती नंतर म्हणाली,
तुमच्या पाटीवर नाही, एवढंच.

ती फाट्यावर उभी होती.
एकोणीस वर्षांची, पायात निळी स्लीपर,
एका पट्ट्याला तार गुंडाळलेली.
मी अमरावतीहून आणलेले बूट,
गुडघ्याला पट्टा, दोन बाटल्या, डब्यात भाकर-ठेचा.
तिच्याकडे विळा आणि रिकामा गडवा.
"आणि पाणी?"
"हाय ना तिथं."

चैत्रातला नाला म्हणजे नुसते गोटे.
एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर,
आणि तिसरा हलतो.
दोन्हीकडून काळा फत्तर वर चढत गेलेला,
त्याच्या कपारीत कुलूची झाडं,
साल सोलून वाळत टाकल्यासारखी पांढरी.
पायाखाली सागाची पानं इतकी वाजत
की आम्ही बोलणंच सोडलं.
मोहाच्या झाडाखाली तिनं चार फुलं वेचली,
दोन माझ्या तळहातावर ठेवली.
गोड, आणि किंचित आंबूस.

अकरा वाजता माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या.
मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.
दुपारी फत्तर सकाळचं ऊन परत करू लागला,
सुट्ट्या पैशांसह,
एक रुपयाही मागे न ठेवता.

मग डोह.
म्हणजे डोहाची जागा.
तडकलेला गाळ, त्यात एका पानाचा ठसा,
खेकड्याचं रिकामं कवच,
आणि दगडावर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर,
पाणी कुठपर्यंत होतं त्याची पांढरी रेघ.

फुलमती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली.
मग वळणापाशी गेली, गुडघ्यावर बसली,
"या इकडं."
वाळूत कोपरभर खोल खड्डा,
मागे उडवलेला ढीग, काठावर नखांच्या रेघा.
"अस्वल. रातचं."
तळाशी चार बोटं पाणी, त्यात एक गांधीलमाशी.

"आपण दुसरा खणू?"
"काहून? जागा त्यालेच कळते."

तिनं ओंजळीनं पाणी उपसून फेकलं,
एकदा, दोनदा, तीनदा.
मी जवळजवळ ओरडलेच.
मग ती टाचांवर बसली आणि आम्ही वाट पाहिली.

वाट पाहणं मला येत नाही.
लोक पाहतात; मी काचेमागून वेळ सांगते,
लेट असेल तर लेट सांगते.
इथे वाळू आधी काळी झाली,
मग चकाकली,
मग कुठूनही न येता
पाणी तिथे होतं.
"डा," ती म्हणाली. तिच्या भाषेत पाणी.
एवढा एकच आवाज झाला.

अर्धा गडवा भरायला किती वेळ गेला,
मी घड्याळ पाहिलं नाही.
पहिला घोट मला.
वाळूची चव, मुळाची,
आणि मागे कुठेतरी केसाळ, उबदार काही.

एक बाटली भरली. दुसरीचं झाकण मी काढलं
तेव्हा तिनं नुसतं पाहिलं.
मी झाकण लावलं.
काठ ढासळू नये म्हणून
तिनं चपटे गोटे रचले, नखांच्या रेघा न मोडता.

कड्यावर पोचलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.
खाली सपाट मुलूख, संत्र्यांचे हिरवे चौकोन,
पत्र्यांवर मावळतं ऊन,
आणि धुळीत एक लाल ठिपका सरकत होता.
ती कुठली गाडी, हे मला इथूनही सांगता आलं असतं.
फुलमतीनं विचारलं नाही.
ती खाली नाल्याकडे पाहत होती.

परतीच्या गाडीत बाटली मांडीवर.
खड्ड्याखड्ड्याला वाळू उठायची, पुन्हा तळाशी बसायची.
साडेसात झाले.
आता तो निघाला असेल, की पोचला असेल?
माझ्या तक्त्यात ती वेळ नाही.